तुम्ही फ्री दिसत होतात

आज आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं, आधी तेच सांगते, म्हणजे खाली कुणी "काळजी घ्या" लिहीत बसायला नको. प्रत्यक्ष काम वीसेक मिनिटांचं, पण बोलावलं होतं साडेआठला. थेंब टाक, बस, पुन्हा थेंब टाक, यातच अकरा वाजले. मग तिला आत नेलं. मी बाहेर तिच्या बांगड्या आणि चष्मा रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात फोन थरथरायला लागला. ऑफिस. साडेअकराची मीटिंग सुरू झालीये आणि पाच जण माझी वाट बघतायत.

मी लिहिलं, अरे मी रजेवर आहे, कॅलेंडरमध्ये दिवसभराचं टाकलंय की. पलीकडे आमच्या टीममधला नवीन मुलगा. गुणी आहे, नम्र आहे, चोवीस वर्षांचा आहे. त्याचं उत्तर: "सॉरी मॅडम, पण तुम्ही फ्री दिसत होतात."

फ्री दिसत होते! मांडीवर आईच्या बांगड्या घेऊन!

ज्यांच्या नशिबी ऑफिसचं कॅलेंडर नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात तुम्ही दुपारी 3 ते 3:30 "दाताचा डॉक्टर" असं टाकलंत, की तेवढा वेळ तुम्ही बिझी. कुणी मीटिंग टाकायला गेलं तर त्याला दिसतं, बाई अडकलेली आहे. पण "ऑल डे"च्या चौकोनात टिक केलीत, म्हणजे आख्खा दिवस माझा नाही असं सांगितलंत, की ते समजतं बाई मोकळी आहे. अर्ध्या तासाच्या दाताला जाडजूड रंगीत ठोकळा, आणि आख्ख्या दिवसाला अगदी वर एक चिंचोळी पट्टी, लग्नाच्या हॉलवरच्या तोरणासारखी. खाली हॉल रिकामाच, या आणि बसा.

हो, तिथेच खाली "फ्री"चं "बिझी" करता येतं, आणि "आउट ऑफ ऑफिस" असाही एक प्रकार असतो, माहीत आहे मला. कमेंटमध्ये कृपया स्क्रीनशॉट टाकू नका. माझा प्रश्न एवढाच, की दिवसभर नाही असं सांगितल्यावर पुन्हा खाली जाऊन "म्हणजे खरंच नाही हं" असं का सांगावं लागतं?

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही, म्हणून माझं डोकं फिरलंय.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरात, बाबांचं वर्षश्राद्ध होतं. शुक्रवार होता. दादा अमेरिकेत एडिसनला, व्हिसा स्टॅम्पिंगच्या भानगडीत त्याला येता येईना, म्हणून मीच केलं. (मुलीनं केलं म्हणून काकूंचं तोंड वाकडं झालं होतं, तो विषय पुन्हा कधीतरी.) तेव्हाही मी शहाण्यासारखं दोन आठवडे आधी दिवसभराचं टाकून ठेवलं होतं, "बाबांचं वर्षश्राद्ध", आणि दादालाही पाठवलं होतं, त्याला व्हिडिओवर बसता यावं म्हणून.

दुपारी एक वाजता मी पान घेऊन गच्चीवर. कठड्यावर पान ठेवलं आणि सगळे मागे सरकून उभे. कावळे होते, समोरच्या टाकीवर चांगले तीन होते, पण एकही येईना. आणि माझ्या हातातला फोन घुं घुं करतोय. क्वार्टर क्लोजिंगची मीटिंग. कट केला, पुन्हा घुं घुं. शेवटी काकू म्हणाल्या, "अगं तो फोन आधी बंद कर, त्याच्यानं कावळा बिचकतोय." फोन बंद केला. दोन मिनिटांत कावळा आला. योगायोग असेल, पण मला विचाराल तर बाबा मीटिंग संपायची वाट बघत होते.

आणि दादा? तो नव्हताच व्हिडिओवर. आम्ही हाक मारमारून थकलो. साडेपाचला, इथे भांडी घासून पालथी घातल्यावर त्याचा फोन. आंघोळ करून, स्वच्छ कुर्ता घालून, बाबांच्या फोटोपुढे निरांजन लावून बसला होता. तिथे शुक्रवार सकाळचे सात. म्हणे, "सुरू करायचं ना?"

मला काही बोलताच येईना.

त्याच्या कॅलेंडरात माझा "दिवसभर" गुरुवारी दुपारी दीडला सुरू होऊन शुक्रवारी दुपारी दीडला संपत होता. इथली मध्यरात्र ते पुढची मध्यरात्र, साडेदहा तास मागे ढकलून. त्याला वाटलं हा काहीतरी सॉफ्टवेअरचा घोळ, श्राद्ध तर शुक्रवारी, आपण शुक्रवारची रजा टाकू. आम्ही पान ठेवलं तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले, तो झोपलेला. एकदा फोन करून वेळ विचारायला हवी होती त्यानं, हे खरं. मीही सांगायला हवी होती. पण दिवसभराचं आहे म्हटल्यावर वेळ कोण सांगतं?

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्यापुढे मी हे सगळं ओकले, तर पठ्ठ्यानं मला ज्या कागदावरून बहुतेक कॅलेंडरं चालतात तोच उघडून दाखवला. 1998 साली ठरलेला नमुना, 2009 मध्ये सुधारला, आरएफसी 5545 असं नाव. त्यात दिवसभराच्या गोष्टीला नुसती तारीख लिहायची सोय आहे. वेळ नाही, टाइमझोन नाही, जिथे जाल तिथे तीच तारीख. वाढदिवसाला उत्तमच. पण काही सॉफ्टवेअर तसं न लिहिता मध्यरात्र ते मध्यरात्र धरतात आणि मग दादासारखी माणसं गुरुवारच्या दीड वाजता लटकतात. बरं, नुसती तारीख गेली असती तरी आमचं काय भलं झालं असतं? त्याला त्याचा शुक्रवार दिसला असता. निरांजन तेव्हाच लागलं असतं.

त्यातच आणखी एक गंमत, शेवटची तारीख नेहमी एक दिवस पुढची लिहायची. त्या कागदात माँट्रियलच्या जॅझ महोत्सवाचं उदाहरण आहे, 28 जून ते 8 जुलै 2007, पण लिहिलंय 9 जुलै. आता कळलं आमच्या गणपतीच्या रजेला दरवर्षी एक दिवस शेपूट का फुटतं.

पण मला अडकवलं ते दुसऱ्याच उदाहरणानं. कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस, 2 नोव्हेंबर 1997 पासून दरवर्षी, आणि त्याच्या खाली शेरा: ट्रान्सपरंट. म्हणजे पारदर्शक. या दिवसातून आरपार पलीकडचं दिसतं, खुशाल मीटिंग टाका. बिझी असेल तर ओपेक, अपारदर्शक. भाचा म्हणाला, "मावशी, स्टँडर्डचा दोष नाही, काही सांगितलं नाही तर ते अपारदर्शकच धरतं. फ्री हा सॉफ्टवेअरवाल्यांचा डिफॉल्ट आहे." असेल बाबा. मला काय फरक पडतो? माझ्या बाबांचं श्राद्ध पारदर्शक होतं. आज आमच्या घरात अपारदर्शक अशी एकच गोष्ट होती, आईच्या डोळ्यातलं भिंग, तेही काढून टाकलं.

दिवस कधी सुरू होतो यावर आपल्याकडे कमी घोळ आहेत असं नाही हं. तिथी दुपारीच लागते, रात्रीच संपते, एखादी दोन सूर्योदय बघते, एखादी एकही नाही. पण श्राद्धाला गुरुजी सूर्योदयाची तिथी बघत नाहीत, अपराह्नाला कुठली आहे ते बघतात. म्हणजे तो दिवस कशासाठी हवाय हे आधी विचारतात आणि मग दिवस ठरवतात. एवढं एक त्या टिकच्या चौकोनानं विचारलं असतं तरी चाललं असतं. वाढदिवस आहे, की ऑपरेशन?

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. वेळापत्रकातच हयात गेली. घरी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावर पेन्सिलनं सगळं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाचं बारसं. पण एखादा दिवस पूर्ण गेलेला असला की ते त्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायचे. वर काही लिहायचे नाहीत. त्या चौकोनात मग आई दुधाचा खाडासुद्धा लिहायची नाही, बाजूच्या समासात लिहायची.

माझ्या बारावीच्या गणिताच्या पेपरला अशी रेघ होती. बाबांना काय काम होतं तिथे? काही नाही. तीन तास केंद्राबाहेर कडुलिंबाखाली पेपर अंथरून बसले होते. मी बाहेर आले तर म्हणाले, "चहा घेऊ या?" पेपर कसा गेला हे विचारलंसुद्धा नाही.

आज बांगड्या घेऊन बसले होते तेव्हा तेच आठवत होतं, आणि त्यातच तो फोन.

त्या मुलावर मी राग नाही काढला. "चालू दे तुमचं, मी दहा मिनिटांत जोडते" असं लिहिलं. हो, लिहिलं. आणि जोडलंही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर कानात ते बोंडूक घालून मी डिसेंबरच्या तरतुदींवर बोलले, आणि आईला व्हीलचेअरवरून बाहेर आणलं तेव्हा माझा एक हात म्यूटच्या बटणावर होता. तिनं दुसऱ्या डोळ्यानं बघितलं ते. म्हणाली काही नाही.

सॉफ्टवेअरनं मला फ्री दाखवलं, आणि मी लगेच फ्री झालेसुद्धा. बाबांनी नसता जोडला फोन.

असो. आईच्या औषधाची वेळ झाली. उद्या सकाळी दहाला पट्टी काढायला जायचंय. कॅलेंडरमध्ये काहीही टाकलेलं नाही, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रेघ मारलीये. ऑफिसातलं कुणी हे वाचत असेल तर फोन करून बघा, उचलणार नाही.