शिवडीचा समुद्र आधी शिवडीकरांना द्या

मुंबईचा समुद्र म्हटलं की मरीन ड्राइव्ह, दादर चौपाटी, बॅण्डस्टँड. पूर्वेलाही समुद्र आहे हे अर्ध्या शहराच्या ध्यानीमनी नसतं. असणार कसं? 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतचा बराचसा किनारा भिंती, गोदामं, रूळ आणि फाटकांच्या आड गेला. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडीत जन्म काढलेली माणसं आहेत, पण पाण्यात पाय बुडवायला त्यांना जुहू गाठावं लागतं.

बंदरावर राग नाही माझा. बाबा गोदीत होते, आमचं घर त्यावरच चाललं. पण बंदरावर कोळसा उतरायचा ते दिवस आठवा. आई सकाळी ओटा पुसायची, दुपारी परत पुसायची, फडकं दोन्ही वेळेला काळंच. दोरीवरचे शाळेचे सदरे झटकल्याशिवाय घडी घालता यायचे नाहीत. आणि 14 एप्रिल 1944? व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. त्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. गोदीचे मजूर आणि आसपासच्या चाळींतले किती गेले, त्यांची नावं कुठे कोरलेली मला दिसली नाहीत. या शहराच्या व्यापाराची किंमत या बाजूच्या माणसांनी मोजली आहे.

1989 ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचं काम हळूहळू खाडीपलीकडे गेलं. गोदामं ओस पडली. आता या जमिनीचं काय करायचं, याच्या चर्चा सुरू आहेत, आणि मला धास्ती वाटते ती इथेच. अटल सेतूचंच बघा. 2024 मध्ये आमच्या दारातून सुरू झाला, जवळपास 22 किलोमीटर लांब. त्यावर दुचाकी नाही, रिक्षा नाही, पायी तर नाहीच. इथल्या बहुतेक घरांत गाडी म्हणजे दुचाकी. म्हणजे पूल आमच्या डोक्यावरून आणि प्रवास दुसऱ्यांचा.

किनारा खुला करा, जरूर करा. पण खुला करायचा म्हणजे भराव टाकायचा नव्हे. शिवडीच्या चिखलात शेवाळ आहे, म्हणून हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो येतात. भरती चढायला लागली की थवे सरकत सरकत किनाऱ्याकडे येतात. चोच उलटी करून चिखल गाळणारा पक्षी इतक्या जवळून दिसतो की पोरं ओरडायचीही विसरतात. त्या चिखलावर काँक्रीट ओतलं तर हे संपलं.

जमीन रिकामी होतेय ती भिंतीच्या अलीकडे. तिथे झाडं लावा, बाकं टाका, म्हाताऱ्या गोदी कामगारांना संध्याकाळी चालायला सपाट वाट द्या, कोळ्यांना जाळी सुकवायला जागा ठेवा. रे रोडजवळच्या दारूखाना वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना घरं तिथेच द्या, माहुलच्या रिफायनऱ्यांच्या सावलीत नेऊन टाकू नका. टॉवरचे नकाशे त्यानंतर काढा.