लायसन्स नवं, विमा महाग. तरी बाबांच्या नावावर पॉलिसी काढू नका

लायसन्स हातात पडल्यावर विम्याचा पहिला कोट, म्हणजे कंपनीने सांगितलेला दर, बघून बहुतेकांचे डोळे पांढरे होतात. मग घरातलं कोणीतरी सुचवतं, "बाबांच्या नावावर काढ, बरंच स्वस्त पडेल." पडतंही. पण पुढे सगळ्यात महाग पडतो तो हाच सल्ला.

भारतात प्रीमियम मुख्यतः गाडी बघून ठरतो. ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशांत तो चालक बघूनही ठरतो, त्यामुळे तिथे नवख्याला चटका जास्त बसतो. पुढचं सगळं मुख्यतः अशा देशांसाठी आहे. तिथली कंपनी सरळ विचारते, गाडी मुख्यतः कोण चालवणार? रोज मुलगी चालवणार आणि फॉर्मवर 'मुख्य चालक' वडील, तर ती खोटी माहिती झाली. ब्रिटनमध्ये याला 'फ्रंटिंग' म्हणतात. कळणार कसं, असं वाटतं ना? क्लेमच्या वेळी कळतं. वडिलांचं ऑफिस एका टोकाला आणि अपघात रोज सकाळी दुसऱ्या टोकाच्या कॉलेजजवळ लागणाऱ्या गाडीचा, एवढं जुळवणं क्लेम तपासणाऱ्याला अवघड नसतं. मग क्लेम नाकारला जातो, पॉलिसी रद्द होते, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. शिवाय 'तुमचा विमा कधी रद्द झाला होता का?' हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं फॉर्मवर भेटत राहतो.

याचंच प्रामाणिक रूप मात्र जरूर वापरा. मुख्य चालक तुम्ही, आणि आई-वडील खरोखर अधूनमधून गाडी चालवत असतील तर त्यांची नावं अतिरिक्त चालक म्हणून. अनुभवी नाव जोडल्यावर कोट अनेकदा उतरतो. कधी चढतोही, म्हणून नावासकट आणि नावाशिवाय असे दोन्ही कोट काढा.

गाडी आधी घेऊन विमा नंतर बघणं हा उलटा क्रम आहे. मॉडेल ठरवण्याआधी त्याच मॉडेलचा, त्याच इंजिनाचा कोट आपल्या नावावर काढून बघा. टर्बो आणि साध्या इंजिनात मोठा फरक पडू शकतो. 'फक्त थर्ड पार्टी', म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारी पॉलिसी, स्वस्तच असणार हेही गृहीत धरू नका. जास्त जोखमीचे चालक तिकडे गोळा झाले की त्या गटाचाच दर चढतो, आणि कधीकधी आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह त्याहून कमी दरात मिळते.

आता डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला तुमच्या खिशातला वाटा. इथे नवखे सर्रास फसतात. प्रीमियम उतरावा म्हणून ऐच्छिक डिडक्टिबल वाढवतात, पण त्याखाली सक्तीचा वेगळा असतो आणि कित्येक पॉलिसींत नवख्या चालकाचा आणखी वेगळा, हे वाचतच नाहीत. समजा सक्तीचा 10, नवख्याचा 10 आणि ऐच्छिक 15 एकक. दुरुस्ती 30 एककांची निघाली तर कंपनीकडून मिळणार शून्य. रिव्हर्स घेताना खांब लागणं, बंपर घासणं, अशी नवख्याची नुकसानं बहुधा याच मापाची असतात. तरी मोठा डिडक्टिबल चूकच, असं नाही. किरकोळ दुरुस्ती स्वतः केलेली बरी, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, वाचतो. फक्त तिन्ही आकड्यांची बेरीज उद्या हातात असेल एवढीच ठेवा. आणि क्लेम करायचा नसला तरी अपघात कळवण्याची अट पॉलिसीत आहे का, ते बघा.

फॉर्ममधला वार्षिक किलोमीटरचा आकडा अंदाजपंचे टाकू नका. रोज जाऊन-येऊन 20 किमी, आठवड्याला 5 दिवस, वर्षाला 48 आठवडे म्हणजे 4800. बाकीच्या फिरण्याचे 3000 धरा, झाले 7800. तिथे 8000 लिहा. पॉलिसी सुरू होईल त्या दिवशी ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा. 'वापर' या रकान्यात कामावर ये-जा वेगळी मोजतात. पार्सल पोहोचवणं किंवा भाडं घेऊन माणसं नेणं साध्या पॉलिसीत बसत नाही. नंतर बसवलेली अलॉय व्हील्स, सायलेन्सर, इंजिनाचं रीमॅपिंग (ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदलणं), सगळं सांगायचं. आधी शिकाऊ चालकाची पॉलिसी असेल तर परीक्षा पास झाल्यावर ती लागू राहते का, हे परीक्षेच्या आधीच विचारा. काही पॉलिसी त्याच क्षणी संपतात, मग घरी परतताना तुम्ही विम्याशिवाय गाडी चालवत असता.

टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीतला डबा किंवा फोनमधलं ॲप, नवख्याला खरोखर उपयोगी आहे, असं माझं मत. ते अचानक ब्रेक, वेग, वळणं आणि रात्रीचं ड्रायव्हिंग मोजतं. पण भावाने गाडी हाणली तर तेही तुमच्याच खात्यात जमा होतं. ॲपवाल्या प्रकारात तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसलात तरी ती फेरी तुमच्या नावावर चढू शकते, त्यामुळे दर आठवड्याला तपासून 'प्रवासी' अशी दुरुस्ती करा.

मासिक हप्ता हे बहुतेकदा कर्जच असतं, एकूण रक्कम बघा. गाडी पूर्ण निकामी होऊन क्लेम मिळाला तरी उरलेले हप्ते सहसा भरावेच लागतात.

पहिलं वर्ष मध्येच सोडलं तर नो क्लेमचं वर्ष धरलं जात नाही. पूर्ण केलंत तर मुदतीच्या तीनेक आठवडे आधी नो क्लेमचा दाखला मागून घ्या आणि आपोआप नूतनीकरण होण्याआधी दुसऱ्या चार ठिकाणी कोट काढा. फॉर्मवर तेव्हा लायसन्स एक वर्ष जुनं झालेलं असतं.