गिधाडं कुणी मोजलीच नसती तर

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो पाच-सहा जणांनी पाठवला, त्यात दोघे शिक्षक होते, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘वन्यजीव घटल्याची ओरड खोटी आहे. पक्षी पूर्वीइतकेच दिसतात. जगातले ७३ टक्के प्राणी संपले हा आकडा शास्त्रज्ञांनीच खोडून काढला. वाघ तर वाढलेत. अनुदानासाठी घट दाखवली जाते. आणि हे संशोधक उभी हयात मोजामोजीत घालवतात, त्यातून एकही प्राणी वाचत नाही.’

मी बरीच वर्षं पक्षीगणनेला जाते. एकेक मुद्दा घेते.

‘पक्षी पूर्वीइतकेच दिसतात’

पूर्वी म्हणजे कधी? डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९५ साली लिहून ठेवलंय की संशोधकांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात जे पाहते, त्यालाच मूळ स्थिती समजते. त्याआधी जे गेलं ते हिशेबातच येत नाही. संशोधकांचं असं होतं, तर तुमच्या-माझ्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून गणना ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीनेच करायची असते. उत्तर अमेरिकेत १९६६ पासून विणीच्या हंगामात अशी पक्षीगणना चालू आहे. एका वाटेवर ५० थांबे. प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत दिसलेला किंवा ऐकू आलेला पक्षी मोजायचा, चौथ्या मिनिटाला समोरून उडून गेला तरी नोंदवायचा नाही. नवीन माणसाला हे फार जड जातं. त्याहून जड जातं ते शून्य लिहिणं. काहीच दिसलं नाही तर लिहायचं काय, असं वाटून मुलं रकाना कोरा सोडतात. पण कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘पाहिलं नाही’ असाही होतो, आणि मग वीस वर्षांनी ती नोंद वापरता येत नाही. वही परत द्यावी लागते. शून्य लिहायला शिकवणं हे या कामातलं पहिलं शिक्षण आहे, असं मी मानते.

अशा नोंदींच्या बळावर २०१९ साली हिशेब मांडला गेला: १९७० नंतर अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे २.९ अब्ज पक्षी कमी झाले, म्हणजे जवळपास २९ टक्के. यातली बहुतेक घट दुर्मीळ पक्ष्यांची नाही, रोजच्या पाहण्यातल्या पक्ष्यांची आहे. तारेवर दहा बसायचे तिथे सात बसले तर कोण थांबून मोजतं? पक्षी दिसतोच आहे ना! मजकूर लिहिणाऱ्याची गफलत इथेच झाली आहे.

‘७३ टक्क्यांचा आकडा खोटा आहे’

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते कबूल केलं पाहिजे. ‘७३ टक्के प्राणी संपले’ हे वाक्य चूकच आहे. निसर्गप्रेमी लोकही ते बेधडक पुढे पाठवतात, आणि त्यामुळे नुकसान आपलंच होतं.

लिव्हिंग प्लॅनेट इंडेक्स हा वन्यप्राण्यांच्या संख्येतले बदल टिपणारा जागतिक निर्देशांक. त्याच्या २०२४ च्या अहवालात ५,४९५ प्रजातींच्या सुमारे ३५ हजार समूहांची (समूह म्हणजे एका जागचे एका प्रजातीचे प्राणी) १९७० ते २०२० मधली सरासरी घट ७३ टक्के दिली आहे. सरासरी समूहांमधल्या बदलाची आहे, प्राण्यांच्या एकूण संख्येची नाही. एक छोटं गणित करू. एका समूहात १०० प्राणी होते, १० उरले. दुसऱ्यात १,००० होते, ९०० उरले. एकूण ११०० चे ९१० झाले, म्हणजे घट सुमारे १७ टक्के. पण हा निर्देशांक प्रत्येक समूहात किती हिस्सा उरला ते घेऊन भूमितीमध्य काढतो (दोन आकडे असतील तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ). ०.१ आणि ०.९ यांचा भूमितीमध्य ०.३ येतो, म्हणजे सरासरी घट ७० टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

मजकुरात ज्या ‘खोडून काढण्याचा’ उल्लेख आहे ते विश्लेषण याच निर्देशांकाच्या आधीच्या आकड्यांवरचं आहे, ते २०२० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलं. त्यात दिसलं की ही जागतिक घसरण मुख्यतः तीन टक्क्यांहूनही कमी समूहांमुळे येते. ते वगळले तर सरासरी खाली जात नाही. मजकूर इथे थांबतो. पण वगळून पाहिले म्हणून ते समूह सुखरूप होत नाहीत. ते खरोखरच कोसळले आहेत. शिवाय हिंद-प्रशांत भागातल्या काही प्राणिगटांत सर्वदूर घट आहे, हेही त्याच विश्लेषणात आहे. लक्ष नेमकं कुठे द्यायचं हे त्यातून कळतं, आणि माझ्या मते एका मोठ्या आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

‘वाघ वाढलेत’

वाढलेत. भारतात २००६ साली १,४११ चा अंदाज होता, २०२२ साली ३,६८२ चा. आनंदच आहे. पण हे आपण खात्रीने म्हणू शकतो ते मोजण्याची पद्धत बदलली म्हणून. आधी पायांच्या ठशांवरून गणना व्हायची. त्या पद्धतीने कागदावर वाघ असलेल्या राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं २००५ साली उघड झालं. नंतर कॅमेरा ट्रॅप आले, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात त्यावरून ओळख पटवली जाऊ लागली. आणि वाघाला जे संरक्षण मिळालं ते माळरानावरच्या पक्ष्यांना मिळालेलं नाही. २०२३ च्या देशपातळीवरच्या अहवालात ज्या ३३८ पक्षीप्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटत्या निघाल्या.

‘अनुदानासाठी घट दाखवतात’

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराच्या हौशी कीटक अभ्यासकांनी ६३ संरक्षित जागी तंबूसारखे सापळे लावून २७ वर्षं उडते कीटक गोळा केले. वजन करण्याची त्यांची रीत वाचण्यासारखी आहे: बाटलीतलं अल्कोहोल चाळणीवर ओतायचं, निथळू द्यायचं, आणि दोन थेंबांमध्ये पहिल्यांदा दहा सेकंदांहून जास्त वेळ गेला की लगेच वजन घ्यायचं. दर वेळी तसंच. त्यातून ७६ टक्के घट दिसली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. आणि २०२० साली जगभरच्या १६६ सर्वेक्षणांचा आढावा निघाला, त्यात जमिनीवरचे कीटक घटताना आणि गोड्या पाण्यातले वाढताना दिसले. दोन्ही गोष्टी एकाच लेखात छापल्या. घटच विकायची असती तर वाढ कशाला छापली असती?

‘मोजून एकही प्राणी वाचत नाही’

याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या विणीच्या जोड्या मोजल्या होत्या. १९८७-८८ साली ३५३. १९९६-९७ साली १५०. पक्षी मान खाली टाकून बसलेले आणि नंतर मेलेले सापडत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्याच शिकारी पक्ष्यांसाठी गाडीतून रस्तोरस्ती गणना झाली होती. २००० साली पुन्हा त्याच रस्त्यांवर गाड्या गेल्या आणि पडझड देशभर असल्याचं सिद्ध झालं. आधीची गणना गिधाडांसाठी म्हणून केलेलीच नव्हती. ती नसती तर तुलना कशाशी केली असती?

मग कारणाचा शोध. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून उत्तर आलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. मेलेल्या जनावरातून ते गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंड निकामी होतं. हिशेब केल्यावर दिसलं की शंभरात एकाहून कमी मृत जनावरांत ते असलं तरी एवढी पडझड होते. भारतात २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पर्यायी औषध मेलॉक्सिकॅम गिधाडांवर तपासून आधीच हाताशी होतं.

बंदीनंतरही मोजणी थांबली नाही. अभ्यासक औषधांच्या दुकानांत गिऱ्हाईक म्हणून गेले आणि गुरांसाठी औषध मागितलं. २००७ ते २०१० मध्ये तपासलेल्या अडीचशेवर दुकानांपैकी ३६ टक्के दुकानांत डायक्लोफिनॅक मिळालं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी विकल्या जात होत्या. २०१५ साली माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरपेक्षा मोठी नको असा नियम झाला.