बोअरची धूळ कुणी लिहून ठेवतं का?

उन्हाळा लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याचा वाद पेटतो. काकांचं ठरलेलं असतं: सहाशे फूट खाली जा, पाणी जातंय कुठे! आतेभाऊ नाला खोलीकरणाचा भक्त. पाणाड्यालाही दोन-चार मतं पडतात. शेवटी मला हाक येते, "ताई, तू नॉर्वेत जमिनीखालचंच काम करतेस ना? एखादं सॉफ्टवेअर पाठव की."

सॉफ्टवेअर काय, चांगली म्हणावीत अशी काही फुकटही मिळतात. सच्छिद्र खडकातून द्रव कसा सरकतो याचं मूळ सूत्र तर आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ सालीच छापलं, तेही वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून बघून. आम्ही आजही त्यावरच पोट भरतो. खडकाचे लाखो ठोकळे कल्पायचे, प्रत्येकाला सच्छिद्रता (आत पोकळी किती) आणि पारगम्यता (द्रव किती सहज सरकतो) द्यायची आणि संगणकाला जुंपायचं. झालं मॉडेल. गणित सुटतं. ठोकळ्यांत भरायचे आकडे आणायचे कुठून, खरी मेख तिथे आहे.

इथलं स्लाइपनर हे समुद्रातलं वायूक्षेत्र घ्या. नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखालच्या उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात सोडला जातो, समुद्रसपाटीपासून सुमारे एक किलोमीटर खाली. या खडकात एक तृतीयांशाहून जास्त जागा पोकळच. मॉडेलवाल्यांना याहून सोपा खडक मिळणार नाही. तरीही १९९९ साली ध्वनिलहरी सोडून पाहणी केली तेव्हा वायू शेलच्या (चिकणमातीच्या खडकाच्या) मीटरभर जाड पट्ट्यांखाली थराथरांत पसरलेला आणि थेट सर्वांत वरच्या थरापर्यंत पोचलेला दिसला. पुढे त्या वरच्या थरात तो अंदाजापेक्षा वेगाने उत्तरेला सरकला. कुणी मॉडेल फेकून दिलं नाही. पुन्हा मोजलं, आकडे सुधारले. ती माहिती आज कुठलाही विद्यार्थी उतरवून घेऊ शकतो.

आता आपला खडक. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा. पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. शंभर लिटर खडकामागे हाती येणारं पाणी जेमतेम एक ते तीन लिटर. खोल जावं तशा भाराने भेगा बहुधा मिटत जातात. म्हणून एका बांधावर धो धो पाणी आणि पलीकडे नुसता फुफाटा. सहाशे फुटांवर 'लागलेलं' पाणी कित्येकदा शेजाऱ्याच्या विहिरीतूनच उतरलेलं असू शकतं. अशा जमिनीवर वालुकाश्मासाठी बेतलेलं मॉडेल बसवलं तर रंगीत चित्र येईल, पाणी येणार नाही.

राग येतो तो याचा, की आपल्याकडे खडक रोज आपण होऊन वर येत असतो. रिग चालू झाली की आधी मुरमाची पिवळट धूळ उडते, काळा पाषाण लागला की करडी, मध्येच एखादा तांबड्या मातीचा थर, मग धूळ ओली होऊन गाळ वाहू लागतो. किती फुटांवर रंग पालटला, कुठे झिरपा लागला, रिगवरच्या पोराला तोंडपाठ असतं. पण बिल फुटांवर होतं, म्हणून कागदावर फूट तेवढे उतरतात. रिग दुसऱ्या गावाला गेली की संपलं. नॉर्वेत तेलविहिरीची नोंद सरकारला द्यावीच लागते आणि ठरावीक काळानंतर ती सगळ्यांना खुली होते.

नॉर्वे काही साधुसंत नाही. इथलं मोजमाप तेलाच्या पैशावर झालं आणि स्लाइपनरचा वायू पुरला गेला त्यामागे १९९१ चा कार्बन कर आहे. एका बोअरमागे असला खर्च कोण करणार, हे आतेभावाचं म्हणणं रास्तच. पण मी समुद्रातली पाहणी मागत नाहीये. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरींची नि रिगमालकांची नोंदणी आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनंही आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजतेच आहे. त्याला प्रत्येक बोअरचा एक कागद जोडा: फूट, धुळीचा रंग, पाणी लागलं ती खोली. तो जमा केल्याशिवाय रिगमालकाला पुढचं बोअर मारता येऊ नये. मॉडेल करायला माणसं मिळतील. परदेशात आमच्यासारखे ढिगाने आहेत.