ग्लेन मिलर मेला म्हणून मोठा झाला, हे साफ खोटं आहे

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय, मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. म्हणणं असं की अमेरिकन स्विंगवाला (स्विंग म्हणजे मोठ्या बँडचं नाचायचं जॅझ) ग्लेन मिलर एका रात्रीत नशिबाने वर आला, 'इन द मूड' हे त्याने लिहिलेलं एक गाणं सोडलं तर बाकी सगळं सुमार, सैन्यात गेल्यावर रेकॉर्डिंग संपलं, आणि १९४४ ला विमानासकट बेपत्ता झाला म्हणून लोकांनी हळहळून त्याच्या रेकॉर्ड्स घेतल्या. ज्याने या माणसाच्या रेकॉर्ड्स तारखेप्रमाणे लावून ऐकल्यात त्याला हे वाचून राग येणारच, मला तरी आला.

एका रात्रीत? स्वतःच्या नावावर त्याचं पहिलं रेकॉर्डिंग सेशन झालं एप्रिल १९३५ ला, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि त्याआधी कित्येक वर्षं बेन पोलॅक, डॉर्सी बंधू अशा दुसऱ्यांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत, अरेंजमेंट (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं याची मांडणी) लिहीत काढलेली. (त्या पहिल्या सेशनमध्ये 'मूनलाइट ऑन द गँजीस' नावाचं गाणं आहे, गंगेवरचं चांदणं, मला ते का कोण जाणे फार आवडतं.) १९३७ ला स्वतःचा बँड काढला, डेका आणि ब्रन्सविकसाठी रेकॉर्ड्स केल्या, जम बसला नाही, १९३८ उजाडताच बँड मोडला. त्याच वर्षी पुन्हा नवी माणसं जमवली, आणि सप्टेंबरमध्ये ब्लूबर्डसाठी रेकॉर्डिंग सुरू केलं, हे आरसीए व्हिक्टरचं स्वस्तातलं लेबल, ३५ सेंटला रेकॉर्ड. 'मूनलाइट सेरेनेड' रेकॉर्ड झालं ४ एप्रिल १९३९ ला. म्हणजे पहिल्या सेशनपासून चार वर्षं गेली, याला लॉटरी म्हणत नाहीत.

आणि 'सुमार' म्हणणाऱ्यांनी 'मूनलाइट सेरेनेड' एकदा हेडफोन लावून नीट ऐका. चाल क्लॅरिनेटवर आहे, तीच चाल टेनर सॅक्स (खालच्या सुरातला सॅक्सोफोन) एक सप्तक खाली धरून चाललाय आणि बाकीचे सॅक्स मधली जागा भरतायत, त्यामुळे वाद्यं वेगळी ऐकूच येत नाहीत, एकच मोठा मऊ आवाज येतो. बँड अति शिस्तीचा होता, मोकळेपणाने वाजवणाऱ्यांना त्यात वाव कमी होता ही जुनी तक्रार मला पटते, त्याच काळातल्या काउंट बेसीच्या जॅझ बँडमधली मजा इथे नाहीच. पण तो आवाज दोन सुरांत ओळखू येतो, आणि तो बसवायला मिलरला अनेक वर्षं लागली.

'इन द मूड' त्याने लिहिलेलंच नाही. श्रेय जो गार्लंडचं, आणि त्यातला तो घोळवून घोळवून येणारा तुकडा त्याच्याही आधी १९३० मध्ये विंगी मॅनोनच्या रेकॉर्डवर ऐकू येतो. एडगर हेजने १९३८ ला हे गाणं रेकॉर्ड केलं होतं, आर्टी शॉ ते वाजवायचा पण त्याची आवृत्ती रेकॉर्डच्या एका बाजूत मावणारी नव्हती. मिलरने काटछाट केली, दोन सॅक्सची जुगलबंदी ठेवली, आणि शेवटी आवाज हळूहळू इतका खाली नेला की संपलं वाटतं आणि मग एकदम पूर्ण बँड अंगावर येतो. हे रेकॉर्ड झालं १ ऑगस्ट १९३९ ला. धून दुसऱ्याची, घडण याची, 'टक्सिडो जंक्शन'चंही तेच, ते मूळ अर्स्किन हॉकिन्सचं.

सैन्यात गेल्यावर रेकॉर्डिंग संपलं हेही चूक. जुलै १९४२ ला शेवटचं व्यावसायिक सेशन झालं कारण १ ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने व्यावसायिक रेकॉर्डिंगवर बंदी घातली, ती युनियनच्या सगळ्याच वादकांना लागू होती. पण सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्कवर त्याचा लष्करी बँड आहे, आणि १९४४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडनला अॅबी रोडच्या स्टुडिओत त्यांनी जर्मन श्रोत्यांसाठी कार्यक्रम रेकॉर्ड केले, त्यात मिलर स्वतः मोडकंतोडकं जर्मन बोलतो. ते बाजारात यायला अनेक दशकं गेली, एवढंच.

आता मुख्य मुद्दा, मेल्यावर खपला. १९३९ मध्येच टाइम मासिकाने लिहिलं होतं की देशात तीन लाख ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं ऐकायची यंत्रं) आहेत आणि प्रत्येकात साधारण दोन ते सहा रेकॉर्ड्स मिलरच्या असतात. १९४० ला 'टक्सिडो जंक्शन'च्या पहिल्याच आठवड्यात १,१५,००० प्रती गेल्या. त्याच्या आयुष्यावरच्या १९५४ च्या सिनेमाने त्याला परत उजाळा दिला हे मान्य, पण तो सिनेमा निघाला कारण ही गाणी लोकांना आधीपासून पाठ होती. 'चॅटनूगा चू चू'च्या १२ लाख प्रती खपल्यावर सोनेरी रेकॉर्ड त्याला रेडिओ कार्यक्रमात हातात दिली गेली, तारीख १० फेब्रुवारी १९४२. इंग्लिश खाडीवर त्याचं विमान बेपत्ता झालं १५ डिसेंबर १९४४ ला.