‘रक्ततपासणी नाही, म्हणजे आजारच नाही’ : या दाव्याची मुद्देनिहाय तपासणी

मानसिक आजारांविषयीचा एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा : “मानसिक आजाराला रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात आणि डिप्रेशन ठरवतात. साध्या दुःखालाही आजार म्हणतात. दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही. आजारांची यादी मतदानानं ठरते. सेरोटोनिनचा सिद्धांत तर खोटाच निघाला. म्हणजे सगळा गोळ्या खपवायचा धंदा.”

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणून तर हा मजकूर पटतो. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो वाचून कुणी चालू गोळ्या एकदम बंद केल्या, किंवा दाखवायला जाणंच टाळलं, तर भोगावं लागतं त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही”

नैराश्य, चिंताविकार, ओसीडी (तेच ते विचार किंवा कृती पुन्हापुन्हा), बायपोलर (कधी खोल उदासी, कधी उन्माद म्हणजे बेसुमार उत्साह) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा गंभीर आजार) आहे असं रक्ताच्या कुठल्याही चाचणीनं सिद्ध करता येत नाही, हे खरं. एमआरआयवर शेकडो रुग्णांची सरासरी काढली तर थोडेफार फरक दिसतात, पण एका माणसाचा स्कॅन पाहून त्याला नैराश्य आहे की नाही ते सांगता येत नाही. तसं सांगता येतं म्हणून कुणी स्कॅन करायला लावत असेल, तर त्यावर पैसे घालवू नयेत.

पण मायग्रेनचं निदान तरी कसं होतं? ४ ते ७२ तास टिकणारे किमान पाच झटके, ठणका, एका बाजूचं दुखणं, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं, हे सगळं रुग्णाला विचारूनच. रक्त आणि स्कॅन बहुधा नॉर्मल येतात. तरी मायग्रेन खोटं आहे असं कुणी म्हणत नाही.

शिवाय मानसिक तक्रारीत रक्ततपासणी होते, आणि व्हायलाच हवी. फरक एवढाच की ती दुसरी कारणं वगळण्यासाठी असते. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, मन उदास राहतं आणि चित्र थेट नैराश्यासारखं दिसतं. तेच थायरॉइड वाढलं की धडधड, घाम, हातांना कंप, झोप उडणं, म्हणजे हुबेहूब चिंताविकार. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची चाचणी. थकवा आणि विस्मरण असेल तर हिमोग्लोबिन आणि बी-१२. सोबत साखर, मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या. वयस्कर माणसात सोडियम आणि कॅल्शियमही. छातीत धडधडून जीव घाबरण्याचा प्रकार पहिल्यांदाच झाला असेल तर पॅनिक अटॅक म्हणण्याआधी ईसीजी.

औषधांची चौकशी तितकीच महत्त्वाची. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसनं उन्माद किंवा खोल उदासी येऊ शकते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची उदासी दारू थांबवल्यावर तीन-चार आठवड्यांत पुष्कळदा बरीच ओसरते, म्हणून त्या काळानंतर पुन्हा तपासून मगच निदानावर शिक्कामोर्तब करावं. घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंगणं असेल तर आधी झोपेची तपासणी. वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळला, तासातासाला बदलू लागला, नसलेलं दिसू लागलं, तर त्याला मानसिक आजार समजून घरी ठेवू नये. जंतुसंसर्ग, बिघडलेलं सोडियम किंवा एखादं औषध यामागे असू शकतं आणि रुग्णालय त्याच दिवशी गाठावं लागतं.

आणि चाचणी सापडली नाही तोवर आजार नव्हता, असं इतिहासही सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णालयांतल्या कितीतरी रुग्णांना भ्रम, उन्माद आणि पुढे लकवा होत असे. त्यांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू असल्याचं नोगुची आणि मूर यांनी १९१३ मध्ये दाखवलं. १९१२ मधले रुग्णही तितकेच आजारी होते.

“नऊ प्रश्नांचा फॉर्म भरला की डिप्रेशन”

हा फॉर्म म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० हे टप्पे सौम्यापासून तीव्रापर्यंतचे. हा चाळणीचा फॉर्म आहे आणि उपचार सुरू झाल्यावर गुण उतरतात का ते पाहायलाही उत्तम आहे. निदानासाठी तो एकटा पुरत नाही. का, ते हिशेबानं पाहू.

१० गुणांची मर्यादा धरली तर २००१ मधल्या मूळ अभ्यासात हा फॉर्म नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जणांना पकडत होता आणि नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना बरोबर सोडत होता. आता समजा, १००० लोकांनी फोनवर तो भरला आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. ५० पैकी ४४ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांनाही विनाकारण १० च्या वर गुण मिळतील. एकूण १५८ जणांच्या हाती “तुम्हाला नैराश्य असू शकतं” असा निकाल, आणि त्यांत खरे रुग्ण ४४. दर चारांत साधारण एक. म्हणून फॉर्मनंतर मुलाखत लागते. फॉर्मवरच गोळी लिहिली गेली असेल, तर तक्रार रास्त आहे. पण ती अर्धवट तपासणीविरुद्धची तक्रार झाली, आजाराच्या अस्तित्वाविरुद्धची नव्हे.

पहिल्या मुलाखतीला साधारण पाऊण ते एक तास लागतो. नैराश्यासाठी नऊ लक्षणांपैकी किमान पाच, दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असावी लागतात. आणि त्यांत उदास मन किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक असलंच पाहिजे. बाकीची म्हणजे भूक-वजनातला बदल, झोपेतला बदल, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, थकवा, आपण नालायक आहोत किंवा अपराधी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. शिवाय काम, अभ्यास, घर यांपैकी काहीतरी त्यामुळे ठप्प व्हायला हवं किंवा त्रास तरी ठळक हवा. डॉक्टर ऐकत असतात तेव्हा पाहतही असतात : बोलण्याचा वेग, नजर, विचारांची सांधेजोड, भास-भ्रम, स्मरण, स्वतःच्या अवस्थेची जाण.

सगळ्यांत जास्त वेळा सुटतो आणि सगळ्यांत महाग पडतो तो प्रश्न उन्मादाचा. “आयुष्यात कधी सलग चार दिवस किंवा जास्त असे गेले का, की दोन-तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटत होतं, बोलणं थांबत नव्हतं, पैसे उडवले, घरचे म्हणाले की तू नेहमीसारखा वागत नाहीस?” रुग्ण आपणहून हे सांगत नाही, कारण ते दिवस त्याला छान वाटलेले असतात. म्हणून जवळच्या माणसालाही विचारावं लागतं. उत्तर ‘हो’ असेल तर हे साधं नैराश्य नसून बायपोलर असू शकतं, आणि अशा वेळी नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. पीएचक्यू-९ मध्ये उन्मादाबद्दल एकही प्रश्न नाही.

त्या फॉर्ममधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. बाकी गुण कितीही कमी असोत, तिथे शून्याखेरीज काही आलं तर समोर बसून स्पष्ट विचारायचं : विचार किती वेळा येतात, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झाला होता का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. घरच्यांनीही विचारावं.

“साध्या दुःखाला, काळजीला आजार ठरवतात”

हे होऊ नये म्हणूनच निकषांत कालावधी घातलेले आहेत. सततच्या चिंतेचा विकार म्हणायला सहा महिने बहुतेक दिवस काळजी आवरता न येणं, शिवाय अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी किमान तीन. परीक्षेच्या आठवड्यातली धाकधूक यात बसत नाही. आघातानंतरच्या तणावविकारासाठी महिन्याहून अधिक काळ. ओसीडीसाठी तेच ते विचार किंवा कृती यांत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाणं किंवा त्यामुळे आयुष्य अडणं. नीटनेटकेपणाची आवड म्हणजे ओसीडी नव्हे. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात. तिशीतल्या माणसाचं गेल्या वर्षापासूनच लक्ष लागत नसेल, तर आधी झोप, चिंता आणि नैराश्य तपासावं.

शोकाच्या बाबतीत मात्र टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान करू नये, ही सूट डीएसएम-५ नं, म्हणजे मानसिक आजारांची यादी आणि निकष देणाऱ्या अमेरिकन ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीनं, २०१३ मध्ये काढून टाकली. तेव्हा खूप वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आता जबाबदारी तपासणाऱ्यावर आहे. शोक बहुधा लाटांनी येतो, मधे हसू येतं, आठवणीत ऊब असते, स्वतःची किंमत शाबूत असते. नैराश्यात उदासी हटत नाही आणि माणूस स्वतःलाच दोषी धरतो. तीन आठवड्यांपूर्वी आई गेलेल्या माणसाला घाईनं लेबल लावू नये. पण तो खाणंपिणं सोडून मरणाची भाषा बोलत असेल, तर “शोकच आहे” म्हणून थांबूही नये.

“दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही”

डीएसएम-५ च्या चाचण्यांत एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलं. एकमत ‘कॅपा’ या आकड्यानं मोजतात : ० म्हणजे निव्वळ योगायोग, १ म्हणजे पूर्ण एकमत. आघातानंतरच्या तणावविकाराला ०.६७, बायपोलरला ०.५६, स्किझोफ्रेनियाला ०.४६. नैराश्याला मात्र ०.२८ आणि सततच्या चिंतेला ०.२०. शेवटचे दोन आकडे कमकुवतच आहेत, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. नैराश्य आणि चिंता अनेकदा एकत्र येतात आणि कशाला मुख्य मानायचं यावर मत बदलतं; रुग्णही दोन दिवशी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. ठरलेल्या क्रमानं मुलाखत घेतली की एकमत वाढतं. आणि या दोघांतल्या गोंधळानं उपचार फारसा चुकत नाही, कारण विचार-वर्तन उपचारपद्धती आणि पहिल्या फळीतल्या गोळ्या दोन्हींवर चालतात. नैराश्य की बायपोलर हा गोंधळ मात्र परवडत नाही. तिथे दुसरं मत जरूर घ्यावं.

“यादी मतदानानं ठरते”

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि १९७४ मध्ये सभासदांच्या मतदानात ५८ टक्क्यांनी तो निर्णय टिकला, हे खरं आहे. ती नोंद यादीत असायलाच नको होती आणि तिच्यामुळे अनेकांची आयुष्यं पोळली. पण त्यावरून उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया मतदानानं निर्माण झाले असं होत नाही. सीमारेषा समित्याच आखतात, शरीराच्या आजारांतही : २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली.

“सेरोटोनिन खोटं, म्हणून गोळ्या खोट्या”

२०२२ मध्ये मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले आणि नैराश्यात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी असतं याला सुसंगत पुरावा नाही असं मांडलं. “मेंदूतलं रसायन कमी झालंय” हे सोपं स्पष्टीकरण डॉक्टरांनी वर्षानुवर्षं दिलं, ते सोडायला हवं. पण आजार कशानं होतो आणि औषध उपयोगी पडतं का, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तपासले जातात. दुसऱ्याचं उत्तर २०१८ च्या मोठ्या विश्लेषणात आहे : ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं, सगळी नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फायदा मध्यमच, म्हणून सौम्य नैराश्यात आधी बोलण्याचा उपचार, आणि तीव्र असेल तर गोळी व बोलण्याचा उपचार दोन्ही. बायपोलरमध्ये लिथियम १९४९ पासून माहीत आहे; ते नेमकं कसं काम करतं हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही, तरी रक्तातली पातळी मोजून ते नेमकेपणानं दिलं जातं.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसू लागायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर पहिले काही आठवडे बारीक लक्ष हवं, कारण या वयात सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात. एकदम बंद केल्यास चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड, निद्रानाश होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून काही आठवडे ते महिने घेत डोस उतरवायचा.

तपासणीला जाताना एका कागदावर लिहून न्या : त्रास कधीपासून, झोप किती तास, वजन किती बदललं, सगळी औषधं, दारू-तंबाखू, घराण्यात कुणाला मानसिक आजार, आत्महत्या किंवा थायरॉइड. जुने रिपोर्ट आणि तुम्हाला जवळून ओळखणारं एक माणूस सोबत घ्या. निघताना तीन गोष्टी विचारा : निदान काय आणि किती पक्कं, कोणती शारीरिक कारणं वगळली, पुन्हा केव्हा तपासणार. उन्मादाबद्दल कुणी विचारलंच नसेल, तर वरचा प्रश्न तुम्ही स्वतः काढा. आणि मरणाचा बेत, कानात हुकूम देणारे आवाज, किंवा दोन-तीन दिवस अन्नपाणी बंद, यांपैकी काही असेल तर वेळ घेऊन भेटायची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि त्या माणसाला तोवर एकटं सोडू नका.