‘आपल्याकडे असं होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या वाचनवेड्या मंडळींच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. मतिमंद पात्रांचा छळ दाखवणं हे पाश्चात्त्य लेखकांचं खूळ. आपल्या घरांत अशा मुलाला देवाचं लेकरू मानतात. लेखक रडवण्यासाठी तिखटमीठ लावतात. आणि त्या मुलांना तसंही कुठे काय कळतं, असा एकूण सूर. खाली जोडलेल्या हातांची रांग.

आधी तिखटमिठाचं बघू. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’त मतिमंद बेंजीचं घरचेच लोक शस्त्रक्रियेने खच्चीकरण करवतात. कादंबरी १९२९ची. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली होती. लेखकाला कल्पना फारशी ताणावी लागली नसणार.

‘म्हणजे पाश्चात्त्यांचंच ना ते!’ असं ज्यांना वाटेल, त्यांनी स्टेशनाजवळच्या ससून रुग्णालयापर्यंत चालत जावं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं १९९४ मध्ये तिथे काढली गेली. कारण दिलं ते असं, की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. समर्थन करणारेही होतेच, चांगले शिकलेसवरलेले. मुलींच्या भल्यासाठीच केलं, असं ते मनापासून म्हणत होते आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कथालेखकांवर माझा राग आहे तो इथे. छळ म्हटला की ते दगड मारणारी पोरं आणतात, नाहीतर खाष्ट वहिनी. वाचक त्यांना शिव्या घालतो आणि स्वतः मोकळा होतो. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात अशी सोय नाही. तिथे मतिमंद मुलाला, बच्चूला, सांभाळता सांभाळता थकून गेलेले आईबाप आहेत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवायची आपली हिंमत होत नाही. तेव्हा रडवण्याबद्दलची तक्रार थोडी मान्य. पण मग खलनायक कमी करा म्हणावं, छळ लपवा कशाला?

देवाच्या लेकराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. देव्हाऱ्यात बसवलेल्याला जेवायला काय हवं, हेही कोणी विचारत नाही.

राहिलं ‘त्यांना कळत नाही’. चंदीगडच्या एका सरकारी आश्रयगृहातली सौम्य मतिमंद तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मानलं आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं कलमच आलं. शिरूरच्या मुलींनंतर २२ वर्षांनी. मजकूर पुढे ढकलण्याआधी त्यात एवढी ओळ घालता आली तर बघा.